माईक बंद असतो तेवढ्या वेळात

प्रश्न थोडक्यात असा होता: मुंबईत घडणारी मराठी कादंबरी लिहायला घेतली आहे. स्वयंवराच्या धाटणीचा हिंदी रिअ‍ॅलिटी शो, बायको निवडायला आलेला देखणा मुलगा आणि त्या शोचा स्टोरी प्रोड्यूसर, म्हणजे कुणाचं काय दाखवायचं ते ठरवणारा, असलेला मराठी नायक. हे दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. हे खरं वाटेल का? पडद्यामागे नेमकं काय चालतं? आणि सगळीकडे कॅमेरे असताना ते दोघं भेटणार कुठे? सोबत पहिली तीन प्रकरणंही होती.

प्रकरणं दोनदा वाचली. मी २००७ पासून या कामात आहे. लॉगर म्हणून लागलो, मग स्टोरीत गेलो, आता बरीच वर्षं एडिटवर बसतो. माझा जोडीदार साउंडमध्ये आहे आणि आमची ओळख सेटवरच झाली. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

खरं वाटेल, ती काळजी सोडा. रोज बारा-चौदा तास एका शेडखाली काढल्यावर माणसं एकमेकांची होतात. पण तुमच्या नायकाची जी खरी अडचण आहे ती तीन प्रकरणांत कुठेच आलेली नाही. त्याला समोरच्याबद्दल सगळं माहीत आहे आणि समोरच्याला त्याच्याबद्दल काहीही माहीत नाही.

लॉगर काय करतो ते सांगतो, म्हणजे हे लक्षात येईल. कानाला हेडफोन, समोर दोन-तीन कॅमेऱ्यांची चित्रं, आणि घरातला माणूस जे बोलेल, करेल ते टाइमकोडसकट टाइप करत जायचं. ‘०२:१४:३७, किचन, एकटा, आईचा विषय, रडतो.’ हिंदीच, पण रोमन अक्षरांत, भराभर. शिफ्ट संपली की त्याच खुर्चीवर दुसरा. सकाळी स्टोरीची टीम हे लॉग वाचते आणि आजच्या भागात कुणाचं काय दाखवायचं ते ठरवते. पहिल्याच शोमध्ये माझ्या वाट्याला रात्रपाळी आली. एका मुलाचा झोपेतला श्वास मी महिनाभर ऐकला. शो संपल्यावर तो मला मालाडच्या एका मॉलमध्ये दिसला आणि मी नकळत हसून पुढे झालो, जुना मित्र भेटल्यासारखा. त्याने विचारलं, ‘भैया, लिफ्ट किधर है?’ मी दाखवली. त्याच्या आईला गुडघेदुखी आहे, बहिणीचं लग्न दोनदा मोडलंय, त्याला अंधाराची भीती वाटते, हे सगळं मला ठाऊक होतं. माझं त्याच्यावर प्रेम बसलंय असं मला महिनाभर वाटत होतं. लिफ्टचं दार बंद झाल्यावर कळलं की ज्याला आपण कुणीच नाही, त्याच्याबरोबर आपलं काही असूच शकत नाही.

तुमच्या नायकाला हा धक्का पहिल्या शंभर पानांत बसू दे. नाहीतर तो नुसता टेहळणी करणारा राहील आणि वाचक त्याच्या बाजूने उभा राहणार नाही.

आता बाइटच्या खोलीकडे येऊ. तुम्ही ती दोन ओळींत उरकलीत आणि तुमची कादंबरी खरं तर तिथेच आहे. बाइट म्हणजे स्पर्धक एकटा बसून मनातलं सांगतो ते. काही शोजमध्ये खोलीत दुसरं कुणी नसतं, फक्त आवाज येतो. पण स्वयंवराच्या प्रकारात स्टोरी प्रोड्यूसर समोर, कॅमेऱ्याच्या लेन्सला अगदी खेटून बसतो आणि प्रश्न विचारतो. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज एडिटमध्ये काढून टाकायचा असतो, म्हणून पहिल्याच दिवशी स्पर्धकाला शिकवलं जातं की प्रश्न उत्तरात घेऊन बोल. ‘ती आवडली का?’ असं विचारलं तर नुसतं ‘हो’ चालत नाही. ‘ती मला पहिल्या दिवसापासून आवडली’ असं पूर्ण वाक्य लागतं. दुसरी सूचना, लेन्समध्ये बघू नकोस, माझ्याकडे बघ.

या दोन सूचनांमधून काय होतं बघा. तुमचा हा मुलगा रोज तासभर तुमच्या नायकाच्या डोळ्यांत बघून प्रेमाबद्दल बोलतो. ‘हसताना तिच्या गालावर खळी पडते’ असं म्हणताना त्याच्यासमोर जी खळी आहे ती नायकाच्या गालावरची. प्रेक्षकांना घरात तीच नजर दिसते आणि त्यांना वाटतं, पोरगा त्या मुलीत पुरता गुंतलाय. कॅमेऱ्याने काही खोटं टिपलेलं नाही, नजर खरीच आहे. फक्त ती ज्याच्यावर आहे तो चौकटीबाहेर, एका हाताच्या अंतरावर बसलाय. शिवाय त्या संभाषणातला नायकाचा अर्धा भाग कापून फेकला जाणार आहे. त्याने विचारलेले प्रश्न, मध्येच हसणं, ‘थांब, पाणी पी’ म्हणणं, सगळं. आपलाच आवाज आपल्याच हाताने काढून टाकण्याची सवय ज्या माणसाला शाळेत असल्यापासून आहे, त्याला ही नोकरी अगदी सहज जमते. मला जमली होती. हे वाक्य कादंबरीत असं थेट लिहू नका. नायकाला एडिटवर बसवा आणि स्वतःचा आवाज कापताना दाखवा.

माईकचा प्रसंग तुमच्याकडे आहे, पण तो चुकलाय. तुमचा प्रोड्यूसर स्वतःच त्या मुलाला माईक लावतो. तसं होत नाही. ते साउंडच्या माणसाचं काम, आणि बायकांना माईक लावायला शक्यतो बाई असते. लेपल माईक छातीवर, कपड्याच्या आतून, टेपने चिकटवतात. वायर खाली नेऊन ट्रान्समीटरचा डबा कमरेला मागे. लावणारा आधी विचारतो, हात कुठे जाणार ते सांगतो, नजर खाली ठेवतो. दिवसातून दोन-तीनदा ट्रान्समीटरचे पेन्सिल सेल बदलायला लागतात. अर्धवट वापरलेले सेल एका खोक्यात साठतात आणि सेटवर चहापाणी बघणारे स्पॉटदादा ते घरच्या रिमोटला घेऊन जातात. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आजही असल्याच सेलवर चालतं.

माईक काय काय ऐकतो हे बहुतेक लेखकांना माहीत नसतं. दोन माईकवाली माणसं एकमेकांना मिठी मारतात तेव्हा आधी कापडाची घासाघास ऐकू येते, आणि मिठी लांबली तर त्यामागून ठोके. छातीवरच बसवलेला असतो ना तो. माझ्या जोडीदाराचं म्हणणं असं की कोण मनापासून मिठी मारतंय आणि कोण कॅमेऱ्यासाठी, ते साउंडवाल्याला चित्र न बघता सांगता येतं. तुमच्या मुलाने निवड समारंभात त्या मुलीला मिठी मारली, तेव्हा कंट्रोल रूममध्ये हेडफोन लावून बसलेल्या नायकाला ठोके कसे ऐकू आले, संथ की धावते, हे लिहा. एवढ्याने वाचकाला सगळं कळेल.

कंट्रोल रूम तुम्ही सिनेमात असते तशी चकचकीत केलीय. आमची कंट्रोल रूम, आम्ही तिला पीसीआर म्हणतो, म्हणजे सेटच्या मागच्या बाजूला प्लायवूडच्या भिंतींची खोली, मशिनं तापू नयेत म्हणून एसी एवढा की मे महिन्यात माणसं स्वेटर घालून बसतात, आणि कोपऱ्यात वडापावचे कागद. घरासारखा बंदिस्त सेट असेल तर आरशांमागे कॅमेऱ्यांसाठी बोळ असतो. आतून आरसा, बाहेरून काच. आत झगझगीत उजेड असतो आणि बोळात मिट्ट काळोख, म्हणून आतल्याला फक्त स्वतःचं तोंड दिसतं. बोळात जाताना काळे कपडे घालायचे, मोबाइल खिशातून काढायचा नाही, बोलायचं नाही. दोन कॅमेरामन समोरासमोरून आले तर एकाने भिंतीला पाठ लावून दुसऱ्याला वाट द्यायची. मी आणि माझा जोडीदार पहिल्यांदा एकमेकांच्या इतके जवळ आलो ते अशाच बोळात. तो केबल तपासायला आला होता. कोण आहे ते दिसत नव्हतं. त्याच्या अंगाला अमृतांजनचा वास येत होता, रात्रपाळीत त्याचं डोकं दुखायचं. पुढचे चार दिवस कॅन्टीनच्या रांगेत मी तो वास शोधत होतो.

आरेतल्या पावसातलं पहिलं चुंबन मात्र काढा. गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये उभी राहिली, पाचशेहून जास्त एकरांची आहे आणि तिच्या पाठीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. बिबटे तिथे येतात, सेटवरसुद्धा शिरलेले आहेत. रात्री दोनला दोघं जण हातात हात घालून झाडीत निघाले तर पहिल्या वळणावर सुरक्षारक्षक टॉर्च मारून परत पाठवेल, आणि ते बरोबरच आहे. शिवाय शो चालू असताना स्पर्धक एकटा बाहेर पडूच शकत नाही. त्याचा फोन काढून घेतलेला असतो, सोबत कायम कुणीतरी असतं, संडासच्या दारापर्यंत.

मग भेटणार कुठे? युनिटमधली दोन माणसं असती तर जागा खूप होत्या. जनरेटर व्हॅनच्या मागे, जिथे आवाजामुळे कुणाला काही ऐकू जात नाही. गेटबाहेरची चहाची टपरी. वीरा देसाई रोडच्या एडिट स्टुडिओचा जिना, जिथे पहाटे चारला सगळेच पायऱ्यांवर डोकं टेकून बसलेले असतात. गोरेगाव स्टेशनचा फलाट, पहिल्या लोकलची वाट बघताना. पण तुमच्या जोडीतला एक जण स्पर्धक आहे, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त सेल बदलण्याचा वेळ येतो. डबा बंद, वायर सुटलेली, साउंडचा मुलगा नवे सेल काढतोय, वीस-पंचवीस सेकंद. आणि साउंडचा मुलगा जाणता असला तर चाळीस. तुमच्या कादंबरीतलं तिसरं महत्त्वाचं पात्र हा साउंडचा मुलगा आहे. त्याला नाव आणि स्वभाव द्या. तो मुद्दाम एक सेल खाली पाडतो, वाकून शोधत बसतो. तेवढ्यात ही दोघं काय बोलतील? रोज एकच वाक्य. महिनाभराची तीस वाक्यं. मी तुमच्या जागी असतो तर आधी ही तीस वाक्यं लिहून काढली असती आणि कादंबरी त्यांच्याभोवती रचली असती.

ती कुठल्या भाषेत, हाही विचार करा. तुमचा मुलगा इंदूरचा मराठी आहे, हे फार चांगलं केलंत. हिंदी सेटवर मराठी ही दोघांची गुप्त भाषा, असं तुम्ही दाखवलंय, पण ते टिकणार नाही. लाइटमन, सुतार, मेकअपदादा, ड्रायव्हर यांत बरेच मराठी असतात. सगळं कळतं त्यांना. त्यांना कळलंय आणि तरी ते गप्प आहेत, हे दाखवाल तर सेट जिवंत होईल. आमच्या वेळी सगळ्यांत आधी ओळखलं ते सावंतवाडीच्या एका वयस्कर लाइटदादांनी. काही बोलले नाहीत. फक्त गावाहून येताना आंब्याची पेटी आणली ती आम्हा दोघांत एकच दिली. इंदूरच्या मराठीतला लहेजा वेगळा असतो, त्यात हिंदीची वळणं येतात. नायक त्याला एखादा शब्द पुन्हा म्हणायला लावतो, ही जवळीक तुमच्या आताच्या सगळ्या संवादांपेक्षा खरी वाटेल. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य पाच ठिकाणी आलंय. मी अठरा वर्षांत ते एकदाही ऐकलेलं नाही, म्हटलेलंही नाही. ‘पोचलास की कळव’ एवढं मात्र रोज.

आता जे सांगायला जड जातं ते सांगतो, कारण तुमच्या नायकाने शो संपायच्या आत त्या मुलाला जवळ घ्यावं की नाही, असं तुम्ही विचारलंत.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा लागू केलं, त्यानंतरची गोष्ट. मी तेव्हा एका तरुण मुलांच्या शोवर स्टोरीत होतो. घरी सांगितलेलं नव्हतं, युनिटमध्ये दोघा-तिघांनाच माहीत. टीआरपीचे आकडे पडत होते. वरून विचारणा झाली की आमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही. मी एका मुलाचा दाराकडे बघतानाचा शॉट उचलला, दुसरा मुलगा शर्ट बदलतोय त्या शॉटला जोडला, वेग कमी केला, खाली बासरी टाकली. बारा सेकंद. कुणी काही उघड बोललेलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी सगळे तेच बोलत होते. शो संपल्यावर त्या मुलाने कुठूनतरी माझा नंबर मिळवला. तो चिडला नव्हता. घरी काय झालं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. मग विचारलं, ‘सर, मैं सच में उसको देख रहा था क्या?’ स्वतःच्या नजरेबद्दल त्याला माझ्याकडून खात्री हवी होती. मी खरं ते सांगितलं, की तू दाराकडे बघत होतास, जेवण यायची वेळ होती. तो म्हणाला, ‘ठीक है,’ आणि फोन ठेवला. तो मुलगा गे होता की नाही मला माहीत नाही. मी होतो, आणि हे मी केलं होतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. स्पर्धकाने करारावर सही केलेली असते की त्याचं चित्रण कसंही जोडता येईल, कुठेही वापरता येईल. तुमचा नायक त्या कराराच्या दुसऱ्या बाजूला बसलाय. तो मुलगा ‘हो’ म्हणाला तरी, काय दाखवायचं आणि काय नाही हे ज्याच्या हातात आहे त्याला तो ‘हो’ म्हणतोय. शेवटचा भाग संपू दे, त्याचा फोन त्याला परत मिळू दे, तो दोन दिवस आईच्या हातचं खाऊ दे, मग त्याने स्वतःहून फोन करावा. आणि नायकाने आधी हार्ड डिस्कवरचं ते सगळं त्याला सांगावं: मी तुझं काय काय ऐकलंय, काय काय कापलंय. प्रेमाच्या कबुलीआधी ही कबुली. माझ्या मते कादंबरीचं सगळ्यांत मोठं प्रकरण हे व्हायला हवं.

काळही ठरवा, तुम्ही मोघम ठेवलाय. इथे दोन-चार वर्षांनी सगळी गोष्ट बदलते. ‘राखी का स्वयंवर’ एनडीटीव्ही इमॅजिनवर चालू होतं तो जुलै २००९, आणि त्याच महिन्यात, २ तारखेला, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर काढले. टीव्हीवर लग्न लावण्याची धामधूम आणि कोपऱ्यातल्या मॉनिटरवर ही बातमी. तुमच्या नायकाच्या पहिल्या नोकरीचा काळ म्हणून हा मला सगळ्यांत भरीव वाटतो. २०१३ ते ६ सप्टेंबर २०१८ पुन्हा गुन्हा. त्यानंतर मोकळीक. मग १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. आम्ही दोघं त्या दिवशी एकाच सेटवर होतो, एका सेलिब्रिटी जोडप्याच्या हळदीचा भाग चालला होता. झेंडूच्या माळा कमी पडल्या म्हणून दादरला माणूस पाठवला. तुम्ही आजचा काळ घेणार असाल तर या दिवसाला वळसा घालू नका.

मोर्चाचा प्रसंगही बघा. मुंबईचा प्राइड मार्च, म्हणजे आपल्यासारख्यांचा अभिमान मोर्चा, २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला तेव्हा आणि नंतरही काही वर्षं बरेच जण मुखवटे घालून चालायचे, कारण वाहिन्यांचे कॅमेरे असायचे. वर्षभर दुसऱ्यांवर कॅमेरा रोखणारा तुमचा नायक तिथे मुखवटा घालतो की नाही, घातला तर समोरचा कॅमेरामन चालीवरून ओळखतो का, यात एक अख्खं प्रकरण आहे. पुस्तकं वाचून हे कळणार नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांसाठीची संस्था १९९४ पासून काम करतेय. तिथल्या, तुमच्या नायकाच्या वयाच्या माणसांशी बोला, आणि त्यांना टीव्ही बघताना काय वाटतं तेवढंच विचारा.

शेवट सुखाचा करा. त्या बाबतीत मला अजिबात शंका नाही. पण सुख विमानतळावरच्या धावाधावीत शोधू नका. शो संपल्यावर पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात, मधल्या काळात दोघंही घरी, आणि घर भाड्याचं. दोन पुरुषांना जागा देताना सोसायटी काय काय विचारते, करारात नातं म्हणून काय लिहायचं, घरमालकीण ‘तुमचे मित्र’ म्हणते तेव्हा कोण हसतं. पहिल्यांदाच दोघं एकमेकांना हेडफोनशिवाय, कुणी न सांगता, दिवसभर ऐकतात. तो मुलगा घोरतो हे नायकाला आधीपासून माहीत आहे. नायकही घोरतो हे त्या मुलाला आता कळतं.

माईकचे प्रसंग पुन्हा लिहिलेत की पाठवा, ते मी वाचण्याऐवजी जोडीदाराला देईन. तुमचं तिसरं प्रकरण मी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा त्याने एकच दुरुस्ती सांगितली. सेल काढायच्या आधी साउंडचा मुलगा वॉकीवर ‘म्यूट करा’ म्हणतो आणि तिकडून ‘केलं’ असं उत्तर येईपर्यंत डब्याला हात लावत नाही, नाहीतर पीसीआरमध्ये सगळ्यांच्या कानात फट्कन आवाज बसतो. म्हणजे तुमची दोघं त्या ‘केलं’ची वाट बघत उभी असतील.